गॅसची गोळी आणि अंडाशयाचा कर्करोग

बायकांच्या कर्करोगात सर्वात घातक कोणता, असे वस्तीत विचारले तर एकच उत्तर येते, 'पिशवीचा.' हे उत्तर तपासून घेतले पाहिजे. २०२२ सालचे जागतिक अंदाज पाहा. गर्भाशयाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण सुमारे ४ लाख २० हजार, मृत्यू ९७ हजारांच्या आसपास. अंडाशयाच्या कर्करोगाचे रुग्ण सुमारे ३ लाख २४ हजार, मृत्यू मात्र २ लाखांवर. रुग्ण कमी आणि मरण दुपटीहून अधिक!

असे का? पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेले की बाई घाबरते, दवाखाना गाठते. त्यामुळे गर्भाशयाचा कर्करोग बहुधा लवकर सापडतो. अंडाशय ओटीपोटात खोल असते. तिथली गाठ गुपचूप वाढते. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोट दुखणे, वारंवार लघवीला जाणे, एवढीच तिची लक्षणे. आमच्या कष्टकरी बायांपैकी कोणाला या तक्रारी नाहीत? मग गॅसची गोळी मिळते, अॅसिडिटीचे औषध मिळते आणि महिने जातात. पोटात पाणी झाल्यावर सोनोग्राफी होते, तोवर रोग पोटभर पसरलेला असतो. अमेरिकेतील नोंदींनुसार अंडाशयापुरता असताना रोग सापडला तर दहापैकी नऊ स्त्रिया पाच वर्षे जगतात. दूर पसरल्यावर तिघींपैकी जेमतेम एक.

लक्षणे नसलेल्या बाईची तपासणी करून हा रोग आधीच पकडावा, तर तेही साधलेले नाही. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक स्त्रियांचा दीर्घ अभ्यास झाला. रक्ताची सीए-१२५ तपासणी व सोनोग्राफी करूनही मृत्यू घटले नाहीत, असे २०२१ मध्ये जाहीर झाले. तेव्हा निरोगी बायांना 'कॅन्सर पॅकेज' विकणाऱ्या शिबिरांपासून सावध राहिलेले बरे. मात्र पन्नाशीच्या पुढे ही लक्षणे नव्याने सुरू झाली आणि महिन्यातले बारा-पंधरा दिवस टिकली, तर सोनोग्राफी मागून घ्या. आई किंवा बहिणीला अंडाशयाचा वा स्तनाचा कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना ते न विचारता सांगा.

आता आपल्या देशाचे आकडे. २०२२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाचे सुमारे ४७ हजार नवे रुग्ण, ३३ हजार मृत्यू. गर्भाशयमुखाचे सुमारे १ लाख २७ हजार रुग्ण, ८० हजार मृत्यू. शंभर नव्या रुग्णांमागे मृत्यू एकीकडे सत्तर, दुसरीकडे त्रेसष्ट. पहिल्या आकड्यासाठी काही अंशी निसर्गाला दोष देता येईल. दुसऱ्यासाठी कोणाला द्यायचा? गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याआधीच ओळखता येतो, त्यावर लस आहे. उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात एकाच एचपीव्ही तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले, हे २००९ मध्येच जगापुढे आले. (तुलनेसाठी ज्या बायांना तपासणीविना ठेवले, त्यांच्या न्यायाचा प्रश्न वेगळा. त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.) मराठवाड्याच्या खेड्यांत सिद्ध झालेली गोष्ट मराठवाड्याच्याच खेड्यांत पोहोचत नसेल तर ती व्यवस्थेची हत्याच म्हटली पाहिजे.

आणि याच मराठवाड्यात कर्करोगाची भीती मात्र व्यवस्थित पोहोचली. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांना 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' असे सांगितले गेले. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवी काढली आणि अंडाशये ठेवली, तर अंडाशयाचा कर्करोग तरीही होऊ शकतो. पण 'आता काही होणार नाही' या समजुतीत ती बाई पुढची पोटदुखी अंगावर काढते. तरुण वयात अंडाशयेही काढली तर हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. कोयता मात्र सुटत नाही.

डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना आदेश दिला की, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारावीत. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समिती आहे. कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना विचारावे: समिती नेमली काय, बैठका किती झाल्या, चाळिशीच्या आत किती पिशव्या काढल्या, आणि ग्रामीण रुग्णालयातले सोनोग्राफी यंत्र किती दिवस चालू होते? अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.