कातळाखालची ऊब

नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की पायाखाली जुन्नरचा बेसाल्ट आणि समोर कोकण. तिकडे तानसेकाठी वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं आहेत. घाटावर जुन्नर-आंबेगावात तसं नावाजलेलं काही नाही. म्हणून खाली उष्णता नाही असं नव्हे. जमिनीत साधारणपणे दर किलोमीटरला 25 ते 30 अंशांनी तापमान चढतंच. प्रश्न आहे तो पाणी फिरवणाऱ्या भेगांचा.

खोल बोअर महाग, म्हणून खाली पाणी आणि उष्णता कशी फिरत असेल, हे आधी संगणकावर पाहतात. बर्कलीच्या प्रयोगशाळेची ‘टफ-२’ ही प्रणाली पाण्याची वाफ होतानाचा हिशेबही सांभाळते. ‘फीफ्लो’ भूजलात तरबेज, पण वाफेशी तिचं जमत नाही. ऑकलंडची ‘वैवेरा’ मुक्त आहे, फुकट वापरता येते; आपल्या विद्यापीठांना ती सोयीची पडावी. अशा प्रणालींची उत्तरं जुळतात का, हे 1980 मध्येच स्टॅनफर्डला सहा ठरावीक कोडी घालून तपासलं गेलं होतं.

तुलना हवीच. पण प्रणालीच्या निवडीवर घसा कोरडा करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही; आत घातलेला आकडाच अंदाजपंचे असेल तर सगळ्याच प्रणाली सारख्याच आत्मविश्वासाने चुकतील. खरा आकडा छिद्रातूनच मिळतो. कोयनेजवळ गोठण्याला भूकंप अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागला. आपल्या शेतातली बोअर काहीशे फुटांवरच थांबते. डिंभे, माणिकडोह धरणांच्या परिसरात तापमानाच्या नोंदीसह एक तरी खोल छिद्र घ्यावं, ही आमची मागणी.