टीबीचे निदान: धाक आधी की साथ?

औसा, मुखेड किंवा किनवटकडच्या माणसाला खोकला लागला की तो बहुधा आधी जवळचा खासगी दवाखाना गाठतो. खोकल्याची बाटली, अँटिबायोटिकचा कोर्स, गुण आला नाही की दुसरा डॉक्टर. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासावी, हे डॉक्टरांना ठाऊक असते. तरी महिना-दीड महिना सहज निघून जातो आणि घरातली लेकरे तीच हवा घेत राहतात.

म्हणून कायद्याचा बडगा हवा, हे म्हणणे रास्त आहे. टीबीच्या रुग्णाची नोंद 2012पासून सक्तीची आहे आणि 2018च्या अधिसूचनेने नोंद टाळणाऱ्यावर फौजदारी कारवाईची वाट मोकळी केली. नोंदच नसेल तर घरच्यांची तपासणी होत नाही, पोषणासाठीचे महिना 1000 रुपयेही मिळत नाहीत. लिव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध नुसत्या खोकल्यावर दिले की तात्पुरता आराम पडतो आणि खरा आजार झाकला जातो. हा हलगर्जीपणा पाठीशी घालता येणार नाही.

मात्र नोंदीचा कायदा लागू होतो तो निदानानंतर. इथे उशीर होतो तो निदानाआधी. शिवाय लग्नाच्या मुलीचे नाव सरकारदरबारी जाऊ नये म्हणून घरचे हात जोडतात, तेव्हा डॉक्टरची अडचण खोटी नसते. सरकारी बाजूही निर्दोष नाही. मार्च 2024मध्ये टीबीच्या औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राला राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगावे लागले. आणि ऊसतोड मजुराचे काय? सकाळची थुंकी डबीत धरून ती दवाखान्यात पोचवायची म्हणजे एक खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

आमच्या मते कायदा राहू द्यावा, पण पैसा आणि माणसे आधी डबी उचलण्याच्या कामाला लावावीत. खासगी दवाखान्यातूनच नमुना ट्रूनॅट चाचणीच्या केंद्रावर जावा, निकाल त्याच डॉक्टरला कळावा आणि रुग्ण त्याच्याकडेच राहावा. ही चाचणी काही तासांत टीबी सांगते, रिफाम्पिसिन या औषधाला दाद न देणारा टीबीही ओळखते. यात साध्या खोकल्याचे नमुनेही येतील, चाचणीच्या चिप खर्ची पडतील, तंत्रज्ञांवर ताण येईल. हा आक्षेप खरा आहे. परंतु उशिरा सापडलेल्या रुग्णाचा खर्च त्याहून मोठा असतो. उपचार करूनही नोंद लपवणाऱ्यांना शोधायला मेडिकलवाल्यांची टीबीच्या औषधांच्या विक्रीची एच-1 नोंदवही आहेच. धाक तिथे दाखवावा.

ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात. तांड्या-वस्त्यांवरची तपासणी त्याआधी उरकायला हवी.