उपवास करा, पण ताट बदला
सदर : पथ्यपाणी

चातुर्मास लागला की मधुमेह असलेल्यांच्या वह्यांमधले आकडे बिघडू लागतात. एरवी जेवणानंतर दोन तासांनी 160-170 च्या घरात असणारी साखर एकादशीला, श्रावणी सोमवारी अडीचशेच्या वर गेलेली दिसते. विचारलं की उत्तर येतं, "अहो, आज तर उपवास होता, काहीच खाल्लं नाही." सांगणारा मनापासून सांगत असतो, कारण पोळी-भाताला त्यानं हात लावलेला नसतो.

पण दिवसभरात पोटात गेलेलं असतं ते असं : सकाळी साखरेचा चहा, अकराला साबुदाण्याची खिचडी, दुपारी केळं, चारला राजगिऱ्याचा लाडू, रात्री वरईचा भात आणि रताळ्याचा कीस. पिष्टमय पदार्थांवर पिष्टमय पदार्थ. त्यातली खिचडीच नीट पाहू. एका माणसाच्या बेताच्या खिचडीला कोरडा साबुदाणा साधारण 60 ग्रॅम लागतो. त्यात 50 ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात, म्हणजे घरच्या मध्यम आकाराच्या जवळपास तीन पोळ्यांइतकी. पोळीबरोबर थोडी प्रथिनं आणि तंतू तरी येतात, शिवाय शेजारी आमटी-भाजी असते. साबुदाण्यात प्रथिनं आणि तंतू नावालाच. वर बटाट्याच्या फोडी. या सगळ्यात साखरेचा वेग थोडाफार आवरतं ते फक्त दाण्याचं कूट.

यावर अनेक डॉक्टर एका वाक्यात निकाल देतात : उपवास बंद. मला हे पटत नाही. चाळीस-पन्नास वर्षं धरलेली एकादशी कुणी अशी सोडत नाही. माणूस उपवास सोडत नाही, तो डॉक्टरांना सांगणं सोडतो. धोका तिथून सुरू होतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीच्या मात्रेत घेतली आणि संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं राहिलं, तर साखर 70 च्या खाली घसरू शकते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, बोलणं असंबद्ध होतं. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि मग काहीतरी खाऊ घालायचं. "उपवास मोडेल" म्हणून थांबायचं नाही. व्रताला बाध न आणणाऱ्या आठ गोष्टी आपल्या धर्मशास्त्रानंच सांगितल्या आहेत. त्यात पाणी, कंदमुळं, फळं आणि दूध यांच्याबरोबर औषधही आहे.

ताट बदलायलाही परंपरेची आडकाठी नाही. आपला साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे चौघंही मूळचे अमेरिका खंडातले. गेल्या काही शतकांत ते इथे आले आणि उपवासाला चालू लागले. ज्या ताटानं एवढे पाहुणे सामावून घेतले, त्यात घरातल्या आजारी माणसासाठी जागा का होऊ नये?

बदल फार मोठेही नाहीत. खिचडी निम्मी करा, बटाटा वगळा, कूट सढळ घाला. खिचडीआधी वाटीभर खमंग काकडी आणि दही खा. वरईचा भात हा भातच आहे, तो मोजून वाढा, सोबत दाण्याची आमटी घ्या. एका वेळी एकच पिष्टमय पदार्थ : खिचडी असेल तर रताळं नको, रताळं असेल तर वरई नको. केळ्याऐवजी पेरू. लाडवाऐवजी मूठभर भाजलेले दाणे किंवा बदाम. राजगिऱ्याच्या लाह्यासुद्धा साखर लवकर वाढवतात, त्यामुळे "राजगिरा पौष्टिक" म्हणून लाडवाला मोकळीक देऊ नका. भाजणीचं थालीपीठ करायचं तर त्यात काकडी किंवा दुधी भोपळा किसून घाला.

टाइप 1 मधुमेह असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि ज्यांची साखर वारंवार खाली जाते त्यांनी मात्र डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उपवास करू नये. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर निर्जळी उपवास नकोच. बाकीच्यांनी सणाच्या आठवडाभर आधी औषधांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. मनानं गोळी बंद करू नये आणि मनानं चालूही ठेवू नये.

आयसीएमआर-इंडियाबच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या कितीतरी घरांत उपवास होतच राहणार. म्हणून डॉक्टरांना माझी विनंती आहे : प्रत्येक रुग्णाला "उपवास कोणते करता?" हे विचारा आणि उत्तर केसपेपरवर लिहा. आणि घरच्यांना आग्रहाची विनंती : एकट्या आजारी माणसाला वेगळं ताट वाढू नका. काकडी आणि दही सगळ्यांच्याच पानात आधी येऊ द्या. मग त्याचं पथ्य त्याला एकट्यानं पाळावं लागणार नाही आणि ते टिकेलही.

(लेखिका आहारतज्ज्ञ आहेत.)