चुकलेल्या कमानी

भाचीच्या हातात कटर होता, समोर वितीएवढा पांढरा प्लास्टिकचा पत्रा होता आणि पाव तास झाला तरी पातं पत्र्याला टेकलं नव्हतं. "मामा, चुकलं तर?" तिनं विचारलं. पत्रा परदेशी बनावटीचा, कुरिअरनं मागवलेला. पाकिटावरची किंमत तिनं वाचली होती. आठवीतल्या मुलीला पैशाचं मोल कळतं, याचं मला बरं वाटलं. पण त्याच मोलानं तिचा हात धरून ठेवला होता, याचं वाईटही वाटलं.

ही आवड तिला पुण्यात लागली. कर्वे रस्त्यावरचं भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय तिनं सुटीत पाहिलं. एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं आणि १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं ते इवलंसं शहर पाहून ती परतली, ती एकच प्रश्न घेऊन : आपल्या छत्रपती संभाजीनगरचे दरवाजे असे का करायचे नाहीत? बावन्न दरवाज्यांचं गाव म्हणून आपण मिरवतो. त्यातले बरेच पडले, काही वाहतुकीच्या धुरात काळवंडत उभे आहेत. सुरुवात भडकल दरवाज्यापासून करायची ठरली. मलिक अंबरनं मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये बांधलेला हा दरवाजा. प्रमाण एकास शंभर, म्हणजे खरा एक मीटर आमच्या टेबलावर एक सेंटिमीटर.

चुकायची भीती वाटणार नाही असा स्वस्तातला पत्रा शोधायला आम्ही क्रांती चौकात गेलो. मोर्चा असो की मिरवणूक, या शहराचं पाऊल आधी इथं पडतं; त्यामुळे फलक आणि फ्लेक्स करणारे आसपास सापडतातच. एका दुकानात कोपऱ्यात सनबोर्डचे कटपीस पडले होते. "न्या ना काका, वेस्टेजच आहे," दुकानदार म्हणाला. सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. हलकं, सहज कापलं जाणारं, भिंतीच्या आतल्या सांगाड्याला उत्तम. पण दुकानात होता तो तीन आणि पाच मिलिमीटर जाडीचा. आमच्या प्रमाणात तीन मिलिमीटर म्हणजे तीस सेंटिमीटर. त्याची भिंत होते, खिडकीची चौकट होत नाही. शिवाय कापलेल्या कडेला बारीक छिद्रं दिसतात. अ‍ॅक्रेलिकही मिळालं. ते देखणं, पण कडक. बारीक काम करताना कधी तडकेल याचा नेम नाही.

आम्हाला हवा होता तो हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनचा पत्रा, उद्योगाच्या भाषेत एचआयपीएस. त्याचे गुण हातात घेतल्यावरच कळतात. कटरनं दोन वेळा रेघ ओढा, हलकेच वाकवा, रेघेवर टक्कन तुटतो. कड पॉलिश पेपरनं घासली की गुळगुळीत होते. जोडताना योग्य द्रावक ब्रशनं सांध्यात सोडला की दोन्ही कडा किंचित विरघळतात आणि एकजीव होतात. डिंकासारखा वेगळा थर मधे राहत नाही. तो द्रावक मात्र मोठ्यांनीच हाताळावा, खिडक्या उघड्या ठेवून आणि आगीपासून लांब.

गंमत अशी की हा पत्रा आपल्याला मुळीच परका नाही. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. हा पत्रा त्याचाच न फुगवलेला, रबराची जोड देऊन चिवट केलेला सख्खा भाऊ. राज्यानं मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली, मग १ जुलै २०२२ पासून ती देशभर आली. बंदी योग्यच होती. दहा दिवसांच्या मखरासाठी शेकडो वर्षं न कुजणारा कचरा करणं कुणालाच परवडणारं नव्हतं. पण शाळकरी मुलांच्या हाताला सवयीचं असलेलं एक स्वस्त साहित्य गेलं आणि त्या जागी काय द्यायचं, याचा विचार झाला नाही. जपून वर्षानुवर्षं ठेवायच्या मॉडेलसाठी हा पत्रा ती जागा सहज भरून काढू शकतो.

आता हिशेब पाहा. छंदासाठी येणाऱ्या परदेशी पाकिटातला पत्रा साधारण सहा इंच बाय बारा इंच, म्हणजे अर्धा चौरस फूट. उद्योगातला नेहमीचा मोठा पत्रा आठ बाय चार फुटांचा, बत्तीस चौरस फूट. एका मोठ्या पत्र्यातून पाकिटाच्या मापाचे ६४ तुकडे निघतात. एक मिलिमीटर जाडीच्या अशा अख्ख्या पत्र्याचं वजन जेमतेम तीन किलो. चौसष्ट जणांनी वाटून घेतला तर एकेकाच्या वाट्याला पन्नास ग्रॅमही येत नाही! तरीही आम्ही अर्ध्या चौरस फुटासाठी दूरदेशच्या पाकिटाकडे पाहत होतो.

उत्तर शेवटी एका फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात सापडलं. फ्रिजच्या आतली पांढरी भिंत, ज्याला कारागीर लायनर म्हणतात, ती बहुतेक वेळा याच प्लास्टिकची असते. दुकानाबाहेर एक जुना फ्रिज मोडायला काढला होता. मी विचारताच मिस्त्री म्हणाले, "घेऊन जा की भाऊ, भंगारातच जाणार आहे." मागचा पिवळा फोम खरवडून काढला, साबणानं धुतलं आणि सपाट भाग कापून घेतले. दोन परातीएवढा पत्रा हाती आला. प्लास्टिक तेच आहे का, हे आम्ही घरीच ताडून पाहिलं. एक तुकडा साध्या पाण्यात टाकला, बुडाला. पेलाभर पाण्यात तीन मोठे चमचे मीठ विरघळवून त्यात टाकला, वर आला. पॉलिप्रोपिलीन साध्या पाण्यावरच तरंगतं. साधं पीव्हीसी आणि अ‍ॅक्रेलिक खारट पाण्यातही तळ गाठतात. एबीएस मात्र आमच्या तुकड्यासारखंच वागतं, पण तेही मॉडेलच्या कामाला चालतं.

पैठण रस्त्यावरच्या चितेगावात ज्या जिल्ह्यानं वर्षानुवर्षं फ्रिज घडवले, वाळूज आणि चिकलठाण्यात ज्याचे कारखाने रोज प्लास्टिक आकाराला आणतात, तिथल्या मुलीला वीतभर पत्र्यासाठी अडून बसावं लागलं, हे मला खुपतं. जिन्नस गावात आहे, फक्त तो लहान हाताला पेलेल अशा मापात कुणी देत नाही.

त्या फुकटच्या पत्र्यावर भाचीनं एका दुपारी चौदा कमानी कापल्या. पहिल्या नऊ अर्धगोल होत्या आणि दरवाज्याच्या चित्राशी जुळेनात. दहाव्यांदा तिनं कटर खाली ठेवला. "मामा, परत जाऊन बघू या." आम्ही पुन्हा भडकल दरवाज्यापाशी गेलो. या दरवाज्याखालून मी आयुष्यभर जा-ये केली आहे. त्याची कमान माथ्याशी टोकदार होते, हे त्या दिवशी तिच्या बोटाच्या दिशेनं पाहिलं तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरलं. महागाच्या पत्र्यावर एकच कमान कापली गेली असती, तीही घाबरत, आणि ती चुकली हे आम्हाला कळलंही नसतं.

म्हणून औरंगपुऱ्यातल्या स्टेशनरी दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. अर्धा आणि एक मिलिमीटरचे चार मोठे पत्रे आणा, कागदाच्या मापात कापून सुटे विका. कारखानदारांनी कापाकापीतले स्वच्छ तुकडे जवळच्या शाळेत पोचवावेत. शाळांनी हस्तकलेच्या कपाटात त्यांचा एक खोका ठेवावा आणि त्यातला तुकडा वाया गेला तर कुणाला रागावू नये.

चौदापैकी दोन कमानी मॉडेलला लागल्या. उरलेल्या बारा भाचीनं टाकल्या नाहीत. बिस्किटांच्या डब्यात क्रमानं ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर पेन्सिलीनं आकडा घालून. आता तिला क्रांती चौकातला काळा चबुतरा करायचा आहे, १८५७ मध्ये इथल्या बंडखोर सैनिकांनी जिथं प्राण दिले तो. काल तिनं फ्रिजचा उरलेला पत्रा काढला आणि मला काहीही न विचारता पहिली रेघ ओढली.