पाण्यावर जाणाऱ्या मुलासाठी जीपीएस

आर्वीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यातला मजकूर थोडा आवरून देते :

"माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे, वर्ध्याला नोकरी करतो. मित्रांनी मिळून कयाक घेतली आहे आणि दर रविवारी निम्न वर्धा धरणाच्या पाण्यावर गळ टाकायला जातात. आता म्हणतो, हातात धरायचं जीपीएस घ्यायचं आहे, पंचवीस हजारांचं. जीपीएस तर मोबाईलमध्ये असतंच ना? त्याचे अब्बा म्हणतात, पैसे उडवतोय. मला पैशांपेक्षा त्याची काळजी आहे. तुम्ही सांगा, घेऊ द्यावं का?"

ज्यांना कयाक ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एक-दोन माणसं बसतील अशी अरुंद, हलकी नाव असते. दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं ती चालवतात. आपल्याकडे भोई-ढिवर बांधव डोंग्यातून किंवा थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी टाकतात, तेच पाणी, तेच मासे, फक्त नाव शहरातून आलेली.

भगिनी, तुमच्या पत्रानं मला माझा भाचा आठवला. माझ्या आपाचा मुलगा. त्याच्याकडे असं यंत्र होतं, दुबईच्या मित्रानं आणून दिलेलं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात तो आणि त्याचा एक जोडीदार याच जलाशयावर गेले. काठावरच फज्र पढले आणि अंधारातच नाव पाण्यात सोडली. तासाभरानं धुकं उतरलं. हिवाळ्यात मोठ्या पाण्यावर धुकं कसं बसतं ते आर्वी, आष्टीकडच्या वाचकांना सांगायला नको. वल्ह्याचं पुढचं पातं दिसेना म्हणे.

यंत्रात त्यानं सतरा खुणा साठवल्या होत्या. इथे रोहू लागला, इथे मरळ, इथे गळ अडकतो. पण जिथून नाव पाण्यात सोडली, जिथे मोटरसायकल उभी होती, त्या जागेची खूण नव्हती. येण्या-जाण्याची वाट यंत्र आपोआप नोंदवत असतं, तेही त्यानं सेल वाचावेत म्हणून बंद केलं होतं. यंत्रातल्या नकाशावर जलाशयाचा काठच नव्हता. सगळ्यात ओळखीच्या खुणेपर्यंत तो बरोबर आला आणि तिथे थांबून पडद्यावरचा बाण बघू लागला. बाण गरगर फिरायला लागला. यंत्र बिघडलं असं समजून त्यानं ते खिशात टाकलं आणि अंदाजानं वल्हवत राहिला. अकराच्या सुमारास धुकं विरलं तेव्हा दोघं पलीकडच्या काठाला, म्हणजे अमरावती जिल्ह्यात लागले होते. मोबाईल मोटरसायकलच्या डिक्कीत. इकडे आपानं तीन तास मुसल्ल्यावर काढले.

अल्लाहची मेहेरबानी, दोघं सुखरूप परतले. पण यंत्र बिघडलं नव्हतं. बहुतेक साध्या यंत्रांत वेगळा होकायंत्राचा भाग नसतो. आपण कुठून कुठे सरकलो त्यावरून ते दिशा काढतं. माणूस थांबला की त्याला दिशा कळत नाही, मग बाण भरकटतो. अशा वेळी दहा-पंधरा वल्ही सरळ मारायची आणि चालता चालता पडदा बघायचा. एवढं कोणी त्या पोराला सांगितलं असतं तर! होकायंत्र असलेली मॉडेलंही मिळतात, ती थांबल्यावरही दिशा दाखवतात. पण सेल बदलल्यावर ती हातात धरून गोल फिरवून नीट जुळवून घ्यावी लागतात, नाहीतर बेधडक चूक दाखवतात.

आता मोबाईलचा प्रश्न. तुमचं म्हणणं बरोबर आहे, उपग्रह दोघांना तेच. जमिनीपासून वीस हजार किलोमीटरवरून फिरणारे अमेरिकेचे तीसेक उपग्रह आहेत. रशियाचे, युरोपचे आहेत, आपल्या इस्रोचे नाविकचेही आहेत. त्यांतल्या किमान चारांचे संदेश मिळाले की यंत्र आपली जागा काढतं, उघड्या आकाशाखाली साधारण तीन ते पाच मीटरच्या फरकानं. त्याला मोबाईलची रेंज लागत नाही आणि रिचार्जही लागत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवायला. म्हणून घरूनच ओस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारख्या ॲपमध्ये वर्धा-अमरावतीचा नकाशा उतरवून ठेवला, तर पाण्याच्या मधोमध रेंज नसतानाही मोबाईल जागा दाखवतो.

मग फरक कुठे? ओल्या हातात. पडद्यावर पाण्याचे थेंब पडले की मोबाईलला बोट आणि थेंब यांतला फरक कळत नाही. दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही, तो उजळ केला की बॅटरी उतरते. हातातल्या यंत्राला बटणं असतात, ती ओल्या, गारठलेल्या बोटांनीही दाबता येतात. गार्मिनच्या ईट्रेक्ससारखी यंत्रं दोन पेन्सिल सेलवर दिवसभर चालतात. सेल संपले तर खिशातले दुसरे घातले, झालं.

खोक्यावर आयपीएक्स-७ असं लिहिलेलं असतं ते बघा. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी जाणार नाही. पण जलरोधक म्हणजे तरंगणारं नव्हे, इथे पुष्कळजण फसतात. ईट्रेक्स पाण्यात पडलं की बुडतं, आणि धरणाच्या तळाशी ते अगदी कोरडं राहिलं तरी आपल्या काय कामाचं? जीपीएसमॅप ७८ आणि ७९ या मालिकांची यंत्रं तरंगतात, पण महाग असतात. त्यापेक्षा साधं यंत्र घेऊन ते दोरीनं लाइफ जॅकेटला बांधावं. नावेला बांधू नये. नाव उलटून वाऱ्यानं दूर गेली तर यंत्र तिच्याबरोबर जाईल.

समुद्राचे नकाशे भरलेलं मॉडेल दुकानदार पुढे करील. कोकणात मासेमारीला जाणाऱ्यांना ते उपयोगी आहे, धनोडीच्या पाण्यात त्याचे पैसे वाया. आणि हेही मुलाला विचारा : पाणी किती खोल आहे, खाली मासे आहेत का, हे जीपीएस सांगतं असं त्याला वाटतं का? तसं वाटत असेल तर तो वेगळ्याच वस्तूच्या शोधात आहे. खोली मोजायला आवाजाच्या लहरी सोडणारं यंत्र लागतं. जीपीएस फक्त जागा सांगतं.

आणि ती जागासुद्धा जमिनीची, पाण्याची नाही. आमच्याकडच्या धरणांवर ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ऑक्टोबरात जलाशय भरलेला असतो, मे महिन्यात काठ कितीतरी आत सरकतो. ऑक्टोबरात जिथे गळ टाकला ती खूण उन्हाळ्यात चिखलात निघते. उलट, भरल्या पाण्यात ज्यावरून नाव सहज गेली ती बुडालेली बाभळीची झाडं, जुन्या विहिरींची तोंडं, उठवलेल्या गावांच्या भिंती उन्हाळ्यात वीतभर पाण्याखाली येतात. म्हणून खूण करताना नावाबरोबर महिनाही लिहावा. मोठं पाणी ओलांडून परतताना "थेट चला" हे बटणही जपून वापरावं. ते सरळ रेघ दाखवतं, मध्ये झाडांचं रान असलं तरी. "आल्या वाटेनं परत" हा पर्याय वेगळा असतो. धुक्यात आणि अंधारात तोच वापरायचा, कारण त्या वाटेनं नाव एकदा गेलेली आहे.

तीस वर्षं भूगोल शिकवल्यामुळे एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. जागेचे आकडे दोन तऱ्हांनी लिहितात. वीस अंश पंचेचाळीस मिनिटं म्हणजे दशांशात २०.७५, २०.४५ नव्हे, कारण एका अंशात साठ मिनिटं. अडचणीत सापडलेल्या मुलानं ११२ वर फोन करून मिनिटांचा आकडा सांगितला आणि पलीकडच्यानं तो दशांश म्हणून लिहून घेतला, तर शोधणारी माणसं तेहेतीस किलोमीटर दक्षिणेला जातील. यंत्राच्या सेटिंगमध्ये दशांश अंश निवडून ठेवावेत आणि आकडा सांगताना "दशांश" हा शब्द उच्चारावा. दशांश चिन्हानंतर चार आकडे पुरेत, त्यात दहा-बारा मीटरची जागा कळते.

याच आकड्यांनी एक सोयही होते. मक्केचे अक्षांश २१.४२२५ आणि रेखांश ३९.८२६२ ही खूण यंत्रात घालून ठेवली की काठावर जुहरला किब्ला विचारत बसावं लागत नाही. वर्ध्याहून ती दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे सुमारे २७८ अंशांवर येते, म्हणजे सरळ पश्चिमेला तोंड केलं की आठ अंश उजवीकडे. अंतर चार हजार किलोमीटर. वर्धा आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, तरी दिशा नेमकी पश्चिम का नाही, हे घरातल्या दहावीच्या मुलाला पृथ्वीगोल आणि दोरा देऊन विचारा. हजार वर्षांपूर्वी अल्-बिरूनीनं गझनीचा किब्ला काढायला आख्खा ग्रंथ लिहिला होता.

आखातातून येणाऱ्या नातेवाइकाकडून यंत्र मागवणार असाल तर एक धोका आहे. काही यंत्रांत जीपीएसबरोबर उपग्रहामार्फत संदेश पाठवायची सोय असते. त्यांवर 'इनरीच' असं लिहिलेलं असतं, किंवा मॉडेलच्या आकड्यामागे 'आय' अक्षर असतं. आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी उपग्रह-संपर्काची साधनं बाळगणं गुन्हा आहे. विमानतळांवर प्रवासी अडवले गेले आहेत, गुन्हेही नोंदले गेले आहेत. बिचाऱ्या मामूंना भेटवस्तूपायी पोलीस ठाण्यात बसावं लागेल. फक्त जागा दाखवणारं साधं यंत्र घ्या, आणि शक्यतो इथूनच, पावतीसकट.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. घेऊ द्या, पण एवढ्यात नाही. आधी लाइफ जॅकेट आहे का ते बघा, प्रत्येकाला एक, आणि अंगात घातलेलं, नावेत ठेवलेलं नव्हे. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंज इथे याच वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. ते कुठे आहेत हे काठावरच्यांना दिसत होतं, तिथे जीपीएसचा काय उपयोग? पावसाळ्यात तर पाण्यावर जाणं बंदच ठेवावं. वर ऊर्ध्व वर्धाचे दरवाजे उघडले की खालचं पाणी चढतं आणि मग धनोडीचे ३१ दरवाजेही उघडावे लागतात. धरणातल्या मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा गळ टाकण्याआधी तिथल्या संस्थेला विचारायला सांगा. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि कुठे झाडं आहेत, कुठे वारा फिरतो हे त्यांच्याएवढं कोणालाच ठाऊक नाही. बोरला जायचा बेत असेल तर ते व्याघ्र प्रकल्पाचं पाणी आहे, वन विभागाच्या परवानगीशिवाय नावच काढू नये.

हा हिवाळा त्याला मोबाईल जलरोधक पिशवीत घालून, नकाशा उतरवून वापरू द्या. होळीनंतरही रविवार चुकत नसेल तर हौस खरी आहे असं समजा आणि दोन सेलवर चालणारं, बटणांचं साधं यंत्र घ्या. त्याच्या अब्बांना सांगा, पंचवीस हजारांखालीही मिळतं. महिनाभर पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते आतून पाझरतात. नव्या ठिकाणी पहिल्यांदा चालू केल्यावर जागा सापडायला काही मिनिटं लागतात, म्हणून काठावरच, झाडाखालून बाजूला येऊन चालू करावं.

आणि नाव पाण्यात सोडण्याआधी, पाय कोरडे असतानाच, पहिली खूण काठाची करायची. तोच आकडा आणि परतायची वेळ तुम्हाला मोबाईलवर पाठवायची. माझा भाचा आता आपाला पाठवतो. तिला अंश-मिनिटं काही कळत नाहीत, ती तो आकडा फ्रिजवरच्या पाटीवर उतरवून ठेवते आणि तो घरी आला की पुसते.

मिक्सरच्या भांड्यांबद्दल आलेल्या तीन पत्रांना पुढच्या महिन्यात उत्तर देईन, इन्शाअल्लाह.