मंजूर म्हणणारे आणि झाडं हलवणारे



हुमणीच्या बंदोबस्तासाठी आम्ही गावोगाव बैठका घेतो. पुढच्या खुर्चीवरून कुणी 'मंजूर' म्हटलं की मागचे पन्नास जण 'मंजूर, मंजूर' करतात. मग वळवाचा पाऊस पडतो, तिन्हीसांजेला भुंगेरे कडुलिंब-बाभळीवर येतात आणि झाडं हलवायला माणसं चार! बाकीच्यांना विचारावं तर उत्तर ठरलेलं, "सारे आले असते तर मीबी आलो असतो ना साहेब." साऱ्यांनीच असं म्हटल्यावर येणार कोण?

भुंगेऱ्याला धुरा कळत नाही. तुम्ही आपल्या झाडावरचे वेचून मारले, तरी शेजारच्या झाडावरचे तुमच्या उसात येऊन अंडी घालतात. पुढं अळ्या मुळं खातात, ऊस पिवळा पडतो आणि ओढला की बेटासकट हातात येतो. म्हणून हे काम साऱ्या गावानं एकाच वेळी, पहिल्या पावसानंतर लागोपाठ काही संध्याकाळी करायचं असतं.

लोक आळशी आहेत, असं आम्हाला मुळीच वाटत नाही. धुऱ्यावर एकटं गाठलं तर माणूस मोकळं बोलतो. मजूर नाही, प्रकाश सापळ्याला वीज नाही, भुंगेरे बुडवायला रॉकेल आता मिळते कुठं? हीच माणसं सभेत गप्प. पुढारी आधी बोलून गेला की वेगळं बोलणं म्हणजे वैर घेणं. वर तोडणीची पाळी मागं जाईल ही धास्ती. (ती खोटी आहे असं नुसतं सांगून जात नाही. लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीची यादी गावात लावा, मग जाईल.) अडचण पोटात ठेवून दिलेला होकार पहिल्याच संध्याकाळी गळतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा आधी स्वतः खराटा घेऊन गाव झाडीत. रात्री कीर्तनात प्रश्न विचारून उत्तर लोकांच्याच तोंडून काढीत. तिकडं लोणीचा प्रवरा कारखाना १९५० साली सुरू झाला. त्यासाठी गावोगाव हिंडले विठ्ठलराव विखे पाटील. अध्यक्ष मात्र धनंजयराव गाडगीळ. आज असं किती जणांना जमेल, कोण जाणे!

आमचं म्हणणं एवढंच, की यंदा गावबैठकीत संचालकांनी आणि आम्ही अधिकाऱ्यांनीही सर्वांत शेवटी बोलावं. आधी दोन एकरवाले बोलोत, उसात राबणाऱ्या बाया बोलोत. हात वर करणं नको. कोणतं झाड, कोणती संध्याकाळ, ते ज्यानं त्यानं नावानिशी सांगावं. रोहिणी लागण्याआधी गटाचे चिटबॉय वही घेऊन येतील. ज्याला नाही म्हणायचं असेल त्यानं तिथंच म्हणावं. त्याचंही नाव लिहून घेऊ, रागानं नव्हे. मजूर पाहिजे की सापळा, ते त्याच्याच तोंडून समजावं म्हणून.

— ऊस विकास अधिकारी