जुना गेम मोबाइलवर चालेल, पण तो जपणार कोण?

बागलाण तालुक्यातल्या नामपूरची ओळख कांद्याच्या बाजारामुळे. अशा बाजारपेठेच्या गावांत संगणक घरात येण्याआधी क्लासमध्ये आला. २००१मध्ये ‘एमकेसीएल’ स्थापन झाली, ‘एमएस-सीआयटी’चे वर्ग गावोगावी पोहोचले आणि एका पिढीने पहिल्यांदा माऊस हातात धरला. वर्ड-एक्सेल शिकायला गेलेल्या मुलांनी सर बाहेर गेले की ‘डेव्ह’, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, ‘रोड रॅश’ आणि ‘पिनबॉल’ही खेळून घेतले. आज तिशी-चाळिशीत असलेली ही मंडळी तेच गेम पुन्हा शोधत आहेत. त्यातले बरेचसे खिशातल्या मोबाइलवर चालतातही. पण गेम चालणे वेगळे आणि टिकणे वेगळे. टिकण्याच्या बाबतीत आपण फारच बेफिकीर आहोत.

जुना गेम नव्या संगणकावर का चालत नाही?

‘डेव्ह’ किंवा पहिला ‘प्रिन्स’ यांच्या आपण खेळलेल्या आवृत्त्या ‘डॉस’ या जुन्या प्रणालीसाठी, १६ बिटच्या काळात लिहिलेल्या. आजची ६४ बिटची विंडोज असे प्रोग्रॅम थेट चालवतच नाही. त्या काळातल्या काही गेमचा वेग प्रोसेसरच्या वेगाला बांधलेला असे. असा गेम आजच्या यंत्रावर सुरू झालाच, तर पात्रे डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या वेगाने पळतात.

‘पिनबॉल’ची गोष्ट बोलकी आहे. विंडोज एक्सपीपर्यंत हा गेम संगणकासोबतच यायचा. तो ६४ बिटवर आणताना चेंडू अडथळ्यांतून आरपार जाऊ लागला. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांना त्या जुन्या कोडमधली चूक सापडली नाही, म्हणून गेमच काढून टाकला. विंडोज बनवणाऱ्या कंपनीची ही स्थिती असेल, तर इतरांचे काय?

मग मोबाइलवर तो कसा चालतो?

‘इम्युलेटर’मुळे. हे सॉफ्टवेअर नव्या यंत्रात जुन्या यंत्राची नक्कल उभी करते. गेमला वाटते, आपण १९९०च्याच संगणकावर आहोत. २००२मध्ये आलेला ‘डॉसबॉक्स’ हा त्यातला सर्वांत परिचित. अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांनी तो नकळत वापरलेला असतो, कारण नव्या विंडोजवर चालणारे ‘टर्बो सी++’ बहुतेकदा डॉसबॉक्समध्येच उघडते. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ने २०१५पासून डॉसचे हजारो गेम ब्राउझरमध्ये खेळायची सोय केली. ॲपलनेही एप्रिल २०२४मध्ये जुन्या गेमच्या इम्युलेटरना आयफोनवर परवानगी दिली.

मग कायद्याचे काय?

इम्युलेटर वापरणे वेगळे आणि गेमची प्रत कुठून आणली हा प्रश्न वेगळा. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतीत होतो. हे संरक्षण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. म्हणजे बाजारातून गेम नाहीसा झाला, तरी तो सर्वांसाठी मोकळा होत नाही. ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे, त्याला नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप ठेवता येतो. मित्राच्या पेनड्राइव्हवरच्या प्रतीला ही सवलत नाही.

खरी अडचण ग्रंथालयांची आहे. कलम ५२नुसार बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू शकते, पण मूळ बिगरडिजिटल प्रत त्याच्याकडे असली तरच. पुस्तकासाठी ही अट ठीक आहे. गेम जन्मतःच डिजिटल असतो, त्याची ‘बिगरडिजिटल प्रत’ आणायची कुठून? पुस्तके आणि वृत्तपत्रे ठरावीक ग्रंथालयांत जमा करण्याचा कायदा १९५४पासून आहे. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यातले एक. सॉफ्टवेअरसाठी अशी सोय त्या कायद्यात नाही.

खेळच तर आहे, जपायचा कशाला?

हाच प्रश्न एकेकाळी सिनेमाबद्दल विचारला जायचा. याच नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३मध्ये झळकला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात सुरू झाले ते १९६४मध्ये. पन्नास वर्षांच्या त्या उशिराची किंमत म्हणजे भारताचा पहिला कथापट आज पूर्ण पाहता येत नाही.

गेमच्या बाबतीत तीच चूक सुरू आहे. १९९९मध्ये विशाल गोंडल यांनी मुंबईत ‘इंडियागेम्स’ सुरू केली. क्रिकेट आणि हिंदी सिनेमांवरचे तिचे गेम साध्या बटणांच्या फोनवर खेळले गेले. पुढे कंपनी ‘यूटीव्ही’कडे आणि नंतर ‘डिस्ने’कडे गेली. ते गेम सीडीवर नव्हते. मोबाइल कंपनीच्या सेवेतून थेट फोनमध्ये उतरायचे. फोन भंगारात गेला की गेमही गेला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जगभर जपला जाईल. त्याचे कर्ते जॉर्डन मेकनर यांना हरवलेल्या फ्लॉपी २०१२मध्ये सापडल्या आणि त्यांनी मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. मुंबईत बनलेल्या गेमची काळजी जग घेणार नाही, ती इथेच घ्यावी लागेल.

काय करता येईल?

सरकारने कलम ५२मधली ‘बिगरडिजिटल’ची अट जन्मतःच डिजिटल असलेल्या कृतींसाठी काढावी. भारतात बनलेल्या गेमची एक प्रत ठरावीक ग्रंथालयात जमा व्हावी. निर्मात्यांचे हक्क जपायचे असतील, तर गेम फक्त ग्रंथालयाच्या आवारात पाहू द्यावा. पण तो असावा तरी. बंद पडलेल्या गेमच्या मालकांनी मेकनर यांच्यासारखा मोठेपणा दाखवला, तर काम आणखी सोपे होईल.

वाचकांच्या हातातही काही आहे. घरातली जुनी सीडी किंवा बटणांचा फोन भंगारात देण्याआधी त्यात काय आहे ते पाहा आणि स्वतःच्या प्रतीचा बॅकअप घ्या. सीडी कायम टिकत नाही. जुन्या गेमच्या नावाखाली अनोळखी साइटवरून एपीके उतरवू नका. आठवणींच्या नादात बँक खाते रिकामे व्हायचे.

नामपूरच्या क्लासमधला संगणक केव्हाच बदलला असेल. त्यावर एक पिढी काय खेळली, हे पुढच्या पिढीला दाखवता येईल का, हे मात्र अजून आपल्या हातात आहे.